मनाचा हकीम निवडताना

रत्नागिरी म्हटले की बाहेरच्यांना हापूस आठवतो, थिबा राजा आठवतो आणि थट्टेच्या सुरात वेड्यांचे इस्पितळही आठवते. थिबाला इंग्रजांनी 1886 साली येथे आणून ठेवले. मनोरुग्णालयही त्याच वर्षीचे. राजाच्या वाड्याचे पर्यटनस्थळ झाले, मनोरुग्णालयाची मात्र शिवी झाली. "डोके फिरले काय? पाठवू का आत?" असे आम्ही गावातलेच लोक एकमेकांना सहज म्हणतो.

या थट्टेची किंमत कोण मोजते? नवरा आखातात आणि इकडे एकटीने घर ओढताना रात्री छाती धडधडते म्हणून उठून बसणारी बाई मोजते. परीक्षेच्या सकाळी उलट्या करणारा दहावीचा मुलगा मोजतो. यांतले कोणीही वेडे नाही. त्यांना भरती व्हायचे नाही, कोणाशी तरी बोलायचे आहे. पण त्या फाटकापाशी कोणी पाहील या भीतीने ते बाह्यरुग्ण विभागापर्यंतही जात नाहीत. मग जातात कुठे? आमिलाकडे. तिथे जाताना मात्र कोणाला शरम वाटत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. उर्दू शाळेत हजेरी घेताना माझे हात थरथरत. वुजू पुरा झालाच नाही असे वाटून मी पुन्हा पुन्हा नळाखाली हात धरी. ईसीजी काढला, तो निर्दोष निघाला. आमिलाने असर सांगितला, तावीज दिला, पैसे घेतले. जाणत्या मंडळींनी निदान केले, "ईमान कमजोर झाले आहे, नमाज वाढव." मी नमाज वाढवली. नमाज वाढली, तसा वुजू वाढला, आणि वुजू वाढला तसा आजारही वाढला.

या जाणत्यांना माझा साधा सवाल आहे. साखर वाढली, रक्तदाब वाढला तर तुम्ही कोणाचे ईमान तपासता काय? मग मनाच्या दुखण्यालाच ही कसोटी का? उंट आधी बांध, मग तवक्कुल कर, ही शिकवण आपण मदरशातल्या लहान मुलांनाही देतो. अबू झैद अल-बल्खी या मुसलमान विद्वानाचा इंतकाल 934 साली झाला. त्याने शरीराच्या आरोग्याबरोबर मनाच्या आरोग्यावर स्वतंत्र लिहिले. राग, दुःख, भीती आणि वसवसा यांचा वेगवेगळा विचार केला. हजार वर्षांपूर्वी आपल्याच माणसाला जे समजले, ते आपण आज जिन्नाच्या खात्यावर टाकतो!

दुआला माझा विरोध नाही. मी आजही करते. विरोध आहे तो दुआ पुढे करून इलाज अडवण्याला. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी या दर्ग्याच्या गावी एका खासगी मनोरुग्णगृहाला आग लागली. साखळीने बांधलेली माणसे पळू शकली नाहीत. 28 जण मेले. त्यांना तिथे सोडणारे नातेवाईक दुष्ट नव्हते, आपल्यासारखेच श्रद्धाळू होते. महाराष्ट्रात 2013 पासून भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, बांधणे हा गुन्हा आहे. कायदा आला, पण मोहल्ल्यात त्याची चर्चा कोण करतो?

आता दुसरी बाजू. आमिलाला सोडून मी मोठ्या शहरातल्या एका समुपदेशकाकडे गेले. त्याने माझी धडधड ऐकण्याआधी माझा बुरखा पाहिला. घरात जबरदस्ती आहे का, धर्माचे दडपण आहे का, एवढेच तो विचारत राहिला. आमिलाला माझ्यात जिन्न दिसला, याला माझ्यात मजहब दिसला. मी दोघांनाही दिसले नाही. समुपदेशक या शब्दातच उपदेश दडला आहे, आणि आम्हा बायकांना उपदेशाचा तुटवडा कधीच नव्हता.

तिथेच थांबले असते तर "हे सारे थोतांड" म्हणून मोकळी झाले असते. अनेकजण तसेच मोकळे होतात. पण एक शिंपी कपडा बिघडवतो म्हणून आपण कपडे शिवायचे सोडत नाही. पुढे मला ज्या बाई भेटल्या त्या मुसलमान नव्हत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले, "वुजू म्हणजे काय ते मला सांगाल? हात किती वेळा धुवायचे असतात?" मी म्हटले, "सुन्नत तीन वेळांची." त्या म्हणाल्या, "मग तीन वेळा तुमच्या धर्माच्या. चौथी वेळ आजाराची." त्यांनी नमाज सोडायला सांगितले नाही, वाढवायलाही नाही. तिसऱ्या वेळी नळ बंद करायचा आणि नंतरची बेचैनी आपोआप ओसरेपर्यंत सोसायची, हा सराव दिला. शंकेने यकीन जात नाही, हा आपल्या फिकहचा कायदाच आहे. तो मला एका गैरमुस्लिम बाईमुळे उमगला.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. योग्य समुपदेशक "आपल्यातला" असावा लागत नाही. त्याला आपल्याविषयी विचारण्याची अदब असावी लागते. आणि बाकीची चौकशी आपण करावी. मुलीसाठी स्थळ बघताना चार घरे पालथी घालतो, मग इथे लाज कसली? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंद आहे का, मानसोपचारतज्ज्ञ असेल तर मेडिकल कौन्सिलकडे आहे का, ते बेधडक विचारावे. उपचाराची पद्धत कोणती, साधारण किती भेटी, फी किती, हेही विचारावे. गुप्तता हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. तुमची गोष्ट तुमच्या सासऱ्याला परस्पर सांगणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. चार-पाच भेटींनंतर आपले ऐकलेच जात नाही असे वाटले तर माणूस बदलावा. ती बेवफाई नव्हे. आणि ज्या भाषेत रडू येते त्या भाषेत बोलता यावे. आम्ही घरी कोकणी बोली बोलतो, शाळेत उर्दू, कचेरीत मराठी. जीव घाबरतो तो मात्र घरच्या बोलीत.

जमातींकडे मागणे एवढेच: बैतुलमालमधून डायलिसिसला मदत देता, तशी समुपदेशनाच्या फीलाही द्या. जुमाच्या बयानात एकदा तरी सांगा की घबराहट हा गुनाह नाही. 14416 हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक 2022 पासून चालू आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. तो मशिदीच्या फलकावर नमाजाच्या वेळांखाली लिहा. पाच आकडे लिहायला खडूचा एक तुकडा पुरतो.