डाखाऊ आणि आपण

यंदाच्या कौटुंबिक सहलीत डाखाऊचं नाव घातलं तेव्हा आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीत कुरबुर झालीच. सहल म्हणजे तळ्याकाठी डबे आणि अंताक्षरी. त्यात छळछावणी कशाला? शेवटी लहानग्यांना घेऊन काही जण म्युनिकच्या इंग्लिश गार्डनमध्ये रमले आणि बाकीचे आम्ही, आठवी-नववीतल्या मुलांसह, एस-बान आणि मग 726 नंबरची बस धरून तिथे पोहोचलो. आपल्यातल्या काहींचं ऑफिस याहून लांब आहे.

हिटलर सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा 22 मार्च 1933 ला ही छावणी सुरू झाली. 29 एप्रिल 1945 ला अमेरिकन सैन्य आत शिरेपर्यंत इथे आणि उपछावण्यांत दोन लाखांहून अधिक माणसं डांबली गेली. त्यांतली निदान 41,500 मेली. हे आकडे मुलांनी शाळेत ऐकलेले होते. ती थबकली नोंदींपाशी. प्रत्येक कैद्याला क्रमांक, छातीवर कापडी त्रिकोण. राजकीय कैद्याचा लाल. रागाच्या भरात असं काम होत नाही. कुणीतरी सकाळी वेळेवर येऊन, अक्षर नीट काढून, रकाने भरत होतं आणि संध्याकाळी घरी पोराबाळांत जात होतं. मला तरी क्रौर्याचा हाच भाग सगळ्यांत भयंकर वाटतो.

शवदाहिनीजवळ नूर इनायत खान हिच्या नावाची पाटी आहे. फ्रान्समधून ब्रिटनला बिनतारी संदेश पाठवणारी ही हेर. सप्टेंबर 1944 मध्ये तिला तीन सहकारी स्त्रियांसह इथे ठार केलं. तिचे वडील इनायत खान मूळ बडोद्याचे, आणि गायकवाडांच्या दरबारातले प्रसिद्ध गायक मौलाबक्ष हे तिचे पणजोबा. आमच्यातल्या बडोदेकर काकू तिथून लवकर हलेनात.

इथे जर्मन शाळांचे वर्गच्या वर्ग येतात. आपल्या पणज्यांच्या काळात आपल्याच माणसांनी काय केलं, ते बघायला. आपल्या मराठी माणसांच्या आठवणींत मात्र आपण एकतर जिंकणारे, नाहीतर सोसणारे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर जवळजवळ दहा वर्षं स्वाऱ्या केल्या. लुटालूट केली, गावं जाळली. बंगाली अंगाईत बर्ग्यांची, म्हणजे याच मराठा स्वारांची, भीती अजून आहे. आपल्या एकाही कार्यक्रमात त्या स्वाऱ्यांचा उल्लेख झालेला मला आठवत नाही. आणि इतकं मागे तरी कशाला जा? विहिरीवर कुणाला दूर उभं करून ओंजळीत वरून पाणी घातलं जायचं, हे आपल्या आज्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. डाखाऊशी याची तुलना मी करत नाही. पण फक्त आपल्यावर झालेला अन्याय लक्षात ठेवणं हा सोयीचा हिशेब झाला.

दिवाळी अंकासाठी प्रवासवर्णनं आणि पाककृती दरवर्षी भरपूर येतात. यंदा घरच्या वडीलधाऱ्यांना फोन करून हेही विचारा: आपल्या वाड्यात, आपल्या गावात कुणाला उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं? जे सांगतील ते लिहून पाठवा. नाव छापायचं नसेल तर तसं कळवा, छापणार नाही.