विश्लेषण : सह्याद्रीत वाघ आले, वासोट्याच्या पायवाटेचे काय होणार?

थंडी सुरू झाली की साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटेपासून ट्रेकर्सच्या गाड्या दिसू लागतात. बोटीने शिवसागर जलाशय ओलांडायचा, जंगलातून वासोटा किल्ला चढायचा आणि दिवस मावळण्याआधी परतायचे, हा त्यांचा ठरलेला बेत. मात्र ही वाट सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातून जाते आणि या प्रकल्पात नोव्हेंबर 2025 पासून ताडोबातील वाघीण आणून सोडण्यास सुरुवात झाली आहे. वाघांचे पुनर्वसन यशस्वी झाले तर पायी फिरणाऱ्यांना या जंगलात जागा राहील का, आणि ती राहावी का, याचा हा आढावा.

ही वाट नेमकी कशी आहे?

साताऱ्यापासून बामणोली साधारण 35 ते 40 किलोमीटर. तेथे वन विभागाची परवानगी घेऊन बोटीने सुमारे दीड तासात पलीकडच्या काठावर, मेट इंदवलीला पोहोचता येते. ओढ्याजवळच्या मारुतीच्या मूर्तीपासून चढ सुरू होतो. निम्म्याहून अधिक वाट इतक्या दाट झाडीतून जाते की दुपारीही ऊन जमिनीवर क्वचितच पडते. पुढे वाट फुटते. एक फाटा वासोट्याला, दुसरा नागेश्वरच्या गुहेकडे. वासोट्यावरून डोंगरधारेने नागेश्वर गाठून दुसऱ्या बाजूने पुन्हा जलाशयाकडे उतरले की फेरी पूर्ण होते. पण ती दिवसभराची, दमछाक करणारी चाल आहे आणि परवानगी असेल तरच करता येते. केवळ वासोट्याचा चढ सुमारे दोन तासांचा, मध्यम श्रेणीचा. वरून जुना वासोटा आणि बाबूकड्याची सरळ तुटलेली भिंत दिसते. या किल्ल्याचे दुसरे नाव व्याघ्रगड. आज ते पुन्हा अर्थपूर्ण ठरू लागले आहे.

हे जंगल इतके दाट कसे राहिले?

त्याचे एक कारण पाणी आहे. कोयना धरण 1960च्या दशकात पूर्ण झाले आणि नदीखोऱ्यातील गावे, शेते, रस्ते शिवसागराखाली गेले. जलाशयापलीकडचा पट्टा तुटला. 1985 मध्ये कोयना अभयारण्य जाहीर झाले. दक्षिणेला वारणा खोऱ्यात, सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्याला लागून असलेल्या चांदोलीतही त्याच वर्षी अभयारण्य झाले. 2004 मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तेथेही धरण आणि जंगल या दोन्हींसाठी गावे उठली. 2010 मध्ये कोयना आणि चांदोली एकत्र करून सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी जिल्ह्यांत पसरलेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. त्याचे एकूण क्षेत्र सुमारे 1,165 चौरस किलोमीटर असून त्यातील सुमारे 600 चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आहे. ट्रेकर्सना भावणारी शांतता विस्थापितांच्या त्यागातून आलेली आहे. वाटेचे भवितव्य ठरवताना हे विसरून चालणार नाही.

परवानगीचा आग्रह कशासाठी?

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार अभयारण्यात विनापरवाना प्रवेश करता येत नाही. पर्यटनासाठी परवाना देता येतो, पण तो हक्क नाही. व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनावर सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2012 मध्ये अंतरिम बंदी घातली होती. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आल्यानंतर ती त्याच वर्षी उठली. या तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राच्या कमाल 20 टक्के भागातच पर्यटनाला मुभा आहे. ताडोबात पर्यटकाला जिप्सीतून खालीही उतरता येत नाही. त्या तुलनेत वासोटा हे राज्यातील दुर्मीळ उदाहरण आहे. येथे व्याघ्र प्रकल्पाच्या आत माणूस स्वतःच्या पायांनी चालतो. म्हणूनच मुक्कामाला मनाई, पावसाळ्यात वाट बंद आणि सोबतच्या प्लास्टिकची तपासणी असे नियम आहेत.

वाघ आल्याने काय बदलले?

सह्याद्रीत वाघ अधूनमधून दिसत होते. डिसेंबर 2023 मध्ये एक नर वाघ प्रकल्पाच्या कॅमेऱ्यात टिपला गेला. राधानगरी, गोवा आणि कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्पापर्यंतच्या जंगलपट्ट्यातून नर येत होते, पण पिल्ले वाढवणारी मादी येथे स्थिरावत नव्हती. म्हणून ताडोबा आणि पेंचमधून एकूण आठ वाघ आणण्यास केंद्राने मंजुरी दिली. भक्ष्य वाढावे यासाठी सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्यातून चितळ चांदोलीत नेण्याचा कार्यक्रमही वन विभागाने राबवला. पहिली वाघीण चांदोलीत सोडण्यात आली. चांदोली दक्षिणेला आणि वासोटा उत्तरेला असला तरी जंगल सलग आहे. वाघाला परिक्षेत्राची हद्द कळत नाही. वाघीण स्थिरावणे, पिल्ले होणे, त्यांनी आपापला मुलूख शोधणे हा काळ सर्वांत नाजूक असतो. नेमक्या त्याच काळात शनिवार-रविवारची गर्दी एका अरुंद वाटेवर एकवटते.

वाट बंद केली तर प्रश्न सुटेल?

कागदावर सोपा उपाय तोच. एखादी अप्रिय घटना घडली, तर पहिली मागणीही तीच होईल. पण त्याचा फटका बामणोली आणि तापोळ्यासारख्या काठावरच्या गावांना बसेल. बोटी, जेवण, मुक्काम, वाटाडे यांवर येथील अनेक घरे चालतात. त्यांतील कित्येकांच्या जमिनी याच पाण्याखाली गेल्या. धरणाने शेती नेली आणि वाघाने पर्यटन नेले, अशी भावना काठावर पसरली तर वणवा लागला किंवा शिकारी शिरला तेव्हा वन विभागाला पहिली खबर देणार कोण? शिवाय रोज माणसांची ये-जा असलेल्या वाटेवर चोरट्या हालचालीही नजरेतून सुटत नाहीत.

मग खरा धोका कोणता?

शिस्तीत चालणाऱ्या वीस जणांपेक्षा काठावर वाढणारा पसारा जास्त चिंतेचा आहे. मुनावळे येथे मार्च 2024 मध्ये जलपर्यटन केंद्र सुरू झाले. नवीन महाबळेश्वर प्रकल्पात सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतील शेकडो गावांच्या विकासाचा आराखडा आहे. रोजगाराच्या दृष्टीने त्याला स्थानिकांचा पाठिंबाही आहे. मात्र रस्ते, रिसॉर्ट, वेगवान बोटी आणि रात्रीचे दिवे वाढले, तर त्याचा परिणाम पलीकडच्या जंगलावर होणारच. काठावर सर्व मोकळे ठेवायचे आणि निर्बंध फक्त पायवाटेवर लादायचे, यातून वाघ वाचणार नाहीत.

यावर मधला मार्ग आहे का?

त्याचे एक उदाहरण वाटेतच आहे. जागतिक वारसा यादीतील कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी आणि स्थानिक गावांच्या समितीमार्फत व्यवस्थापन अशी पद्धत रुळली. तिच्यात त्रुटी आहेत, सुट्टीच्या दिवशी कोंडी होते. तरी संख्या मोजता येते आणि पैसा गावात राहतो. दुसरे उदाहरण केरळमधील पेरियारचे. तेही धरणाच्या जलाशयाभोवतीचे व्याघ्र राखीव जंगल. तेथे छोट्या गटांना स्थानिक मार्गदर्शकांसोबतच पायी नेले जाते आणि त्यांतील काही जण पूर्वी शिकार, जंगलतोड करणारे होते. वासोट्यासाठी यातून चार गोष्टी घेता येतील : दिवसाची कमाल संख्या, गटामागे गावातील एक प्रशिक्षित मार्गदर्शक, परतीची ठरलेली वेळ, आणि वाघिणीचा वावर आढळल्यास वाट तात्पुरती बंद करून बोटवाल्यांना आधीच सूचना. बंदच्या काळात त्यांना भरपाई मिळण्याची तरतूदही हवी.

जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

सकाळची पहिली बोट धरावी. उशीर झाला की उतरताना घाई होते आणि पाय मुरगळण्याचे प्रसंग तेव्हाच येतात. बोटीत लाइफ जॅकेट घालावे. पाणी काठावरूनच पुरेसे न्यावे. गवे आणि अस्वले या जंगलात आधीपासून आहेत, त्यामुळे गट सोडून पुढे-मागे जाऊ नये, स्पीकर लावू नये. उन्हाळ्यात पाणी उतरून काठ मागे सरकतो आणि बोटीपासून झाडीपर्यंतची उघडी चाल वाढते, हेही वेळेच्या हिशेबात धरावे. फक्त झाडीतून निवांत चालायचे असेल, तर कडेगाव-पलूस भागातील सागरेश्वर अभयारण्य हा पर्याय आहे. उघड्या डोंगरांवर लोकसहभागातून उभे राहिलेले हे छोटे जंगल आहे आणि तेथून कृष्णाकाठ दिसतो.

वाघांचे पुनर्वसन यशस्वी झाले की नाही हे कळायला काही वर्षे जातील. पायवाटेचे नियम मात्र गर्दीचा पुढचा हंगाम येण्याआधी ठरवावे लागतील. एखाद्या दुर्घटनेनंतर घाईत काढलेला बंदीचा आदेश वाघाच्या आणि काठावरच्या माणसाच्या, दोघांच्याही हिताचा नसेल.