सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत आखडली. सहकारी बँकांची खरी कसोटी वर्षअखेरीस

व्हाइटफील्ड (बंगळुरू) : येथील आयटी पार्कांतून देशोदेशींच्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या अभियंत्यांना मुदत संपलेले सुरक्षा प्रमाणपत्र काय करू शकते, हे वेगळे सांगावे लागत नाही. ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधील अशाच एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ब्रिटनमधील ‘ओ-टू’च्या कोट्यवधी ग्राहकांची मोबाइल डेटा सेवा ठप्प झाली, जपानमधील सॉफ्टबँकेच्या ग्राहकांनाही त्याचा फटका बसला. तेथे ना हल्ला झाला होता, ना यंत्र बिघडले होते. केवळ एक तारीख उलटून गेली होती.

आता अशा तारखा वारंवार येणार आहेत. संकेतस्थळाची ओळख ब्राउझरला पटवून देणारे आणि कूटबद्ध जोडणीचा आधार असलेले हे प्रमाणपत्र आजवर जास्तीत जास्त ३९८ दिवसांसाठी मिळत असे. १५ मार्च २०२६ पासून ही मर्यादा २०० दिवसांवर आली आहे. १५ मार्च २०२७ पासून ती १०० दिवस, तर १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस राहील. म्हणजे वर्षातून एकदा करावयाचे काम किमान आठ वेळा करावे लागेल.

हा निर्णय कोणत्याही सरकारचा नाही. प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या ‘सीए/ब्राउझर फोरम’ या मंचाने अ‍ॅपलचा प्रस्ताव एप्रिल २०२५ मध्ये संमत केला. गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला यांनी त्यास पाठिंबा दिला. विरोधात एकही मत पडले नाही. सर्व्हरची गुप्त किल्ली चोरीस गेल्यास प्रमाणपत्र रद्द करता येते, परंतु रद्द झाल्याची वार्ता प्रत्येक ब्राउझरपर्यंत वेळेत पोहोचेलच, याची शाश्वती नसते. त्यापेक्षा मुदतच अल्प ठेवावी, हा यामागचा विचार आहे आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही.

निर्णय अमान्य करण्याची सोय मात्र कोणालाही नाही, कारण विश्वासार्ह संस्थांची यादी ब्राउझर व संगणकप्रणाली निर्मात्यांच्या हाती असते. भारताने याचा अनुभव २०१४ मध्ये घेतला आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन व्यवस्थेतून गुगलच्या पत्त्यांची अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे त्या वर्षी जुलैमध्ये उघड झाले. त्यानंतर क्रोमने भारतीय नियंत्रकांच्या मूळ प्रमाणपत्रावरील विश्वास मोजक्या पत्त्यांपुरता सीमित केला. बंगळुरूच्याच ई-मुद्रा या खासगी कंपनीची मूळ प्रमाणपत्रे प्रमुख ब्राउझरांना मान्य आहेत, पण मुदतीचा नियम तिलाही तोच.

व्हाइटफील्डमधील मोठ्या कंपन्यांना हा बदल फारसा जाचणार नाही. तेथे नूतनीकरण यंत्राकडे सोपवणे हा नित्याचा भाग झाला आहे. चिंता आहे ती कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या लहान बँकांची. रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाद्वारे नागरी व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांसह सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर स्थलांतर करण्यास सांगितले. नवा पत्ता म्हणजे नवे प्रमाणपत्र. अखेरच्या दिवसांत वर्षभराचे प्रमाणपत्र घेतलेल्या बँकांचे पहिले नूतनीकरण २०२६ च्या अखेरीस येईल, तेही २०० दिवसांच्या नव्या नियमाखाली.

नूतनीकरण झाले, तरी जोडणी सुरळीत होतेच असे नाही. नवी फाइल सर्व्हरवर ठेवली, पण एनजिनएक्ससारखी सेवा नव्याने वाचायला लावली नाही, तर ती स्मृतीतील जुनेच प्रमाणपत्र दाखवत राहते. सर्व्हरपुढे भार वाटून देणारे यंत्र असेल, तर नवे प्रमाणपत्र तेथेही बसवावे लागते, आणि नेमके तेच विसरले जाते. सर्वांत फसवा दोष मधल्या दुव्याचा. संकेतस्थळाचे प्रमाणपत्र आणि मूळ प्रमाणपत्र यांना जोडणारे मध्यस्थ प्रमाणपत्र सर्व्हरने पाठवलेच नाही, तरी संगणकावरील क्रोम ते स्वतः शोधून आणतो. कार्यालयात सारे ठीक दिसते. ग्राहकाच्या मोबाइल अ‍ॅपला किंवा देयकांची देवाणघेवाण करणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरला मात्र जोडणी नाकारली जाते. म्हणून ब्राउझरवर विसंबून न राहता ‘ओपनएसएसएल’च्या साहाय्याने बाहेरून साखळी तपासणे, हाच खात्रीचा उपाय. स्वयंचलित नूतनीकरणातही अडथळे असतात : पत्त्याच्या मालकीची पडताळणी ८० क्रमांकाच्या पोर्टवरून होत असेल आणि फायरवॉलने ते बंद ठेवले असेल, तर विनंती दर वेळी फेटाळली जाते.

तांत्रिक दोष तासाभरात निस्तरता येतात. पण पत्त्याची नोंद एकाकडे, सर्व्हर दुसऱ्याकडे आणि प्रमाणपत्राची खरेदी तिसऱ्याकडे असेल, तर दुरुस्तीचा अधिकार कोणाचा, हे ठरेपर्यंतच दिवस मावळतो. दर खरेदीला दरपत्रके मागवून मंजुरी घेण्याची रीत वर्षातून एकदा चालून जाते. ४७ दिवसांच्या चक्रात ती बसत नाही. नोव्हेंबर २०२६ च्या अखेरीस घेतलेले प्रमाणपत्र जून २०२७ मध्ये संपेल. त्यानंतरचे सप्टेंबरपर्यंतही जेमतेम पुरेल.