वाचनालयाची किल्ली कोणाकडे?



निवडणूक आली की आमच्या खांडबाऱ्यात उमेदवार घरोघरी हात जोडून फिरतात. रस्ता करू, गटार बांधू, दिवे लावू, हे सगळेच सांगतात. मागे ग्रामपंचायतीच्या प्रचारात मात्र एका आदिवासी भगिनीचे बोलणे मनात राहून गेले. सदस्यपदासाठी उभी असलेली ती भगिनी म्हणाली, "आमच्या घरात एकच खोली. चूल तिथेच, झोपणे तिथेच, पोरांचा अभ्यासही तिथेच. मला निवडून दिले तर मी मुलांसाठी वाचायची जागा मागीन. संध्याकाळी उघडी असणारी."

लगेच मागून एक जण ओरडला, "पुस्तकाने पोट भरते काय? आणि आता मोबाईलमध्ये सगळे असते!" लोक हसले. ती भगिनी गोंधळून खाली बसली. मीही तिथे होतो आणि मीही गप्प बसलो. कार्यकर्ता म्हणवणाऱ्या माणसाने तेव्हा उठून बोलायला हवे होते. ते राहून गेलेले उत्तर आज इथे लिहितो.

परमपूज्य बाबासाहेब मुंबईत शिकत असताना परळच्या चाळीत राहत. घरात जागा नव्हती, म्हणून शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना हेरले, वाचायला पुस्तके दिली. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले. पुढे गुरुजींच्याच शब्दाने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे साहाय्य मिळाले. बसायला जागा, वाचायला पुस्तक आणि ते पुस्तक हाती देणारा माणूस, या तीन गोष्टी बाबासाहेबांना बागेतल्या बाकावर मिळाल्या. प्रत्येक मुलाच्या वाट्याला केळुसकर गुरुजी येत नाहीत. म्हणूनच सार्वजनिक वाचनालय हवे.

सयाजीराव महाराजांनी हे ओळखले होते. १९१० पासून त्यांनी आपल्या संस्थानात ग्रंथालयांची चळवळ उभारली. त्यासाठी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले. गावकऱ्यांनी एक वाटा जमवला की प्रांत पंचायत आणि सरकार तेवढाच एकेक वाटा घालीत. दूरच्या गावांना पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या जात. आमच्या स्टेशनवर सुरतेच्या गाडीत बसले की नवापूरच्या पुढे सोनगड, व्यारा लागते. तो मुलूख तेव्हा बडोद्याचाच. म्हणजे ही गोष्ट सातासमुद्रापलीकडची नाही, आपल्या शेजारची आहे.

आता कायदा पाहा. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. पंचायतींकडे सोपवता येतील अशा २९ विषयांची यादी अकराव्या अनुसूचीत आहे. त्यात विसावा विषय 'ग्रंथालये' हाच आहे. त्या भगिनीने जगावेगळे काहीच मागितले नव्हते. तिला हसणाऱ्यांनी ती यादी वाचली नव्हती, एवढेच.

पोटाचे म्हणाल, तर भरतीची जाहिरात, परीक्षेचे पुस्तक, योजनेचा नियम वेळेवर वाचायला मिळाला नाही म्हणून किती जणांचे पोट मारले जाते! मोबाईलचे म्हणाल, तर कित्येक घरांत तो एकच असतो आणि तो बापाबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जातो. मागे राहिलेल्या मुलीने काय वाचायचे?

पण मी पडलो कारकून माणूस, जमाखर्च पाहिल्याशिवाय राहवत नाही. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. तमिळनाडू, कर्नाटकाच्या कायद्यांत ग्रंथालयांसाठी वेगळा उपकर ठेवला आहे, आपल्या कायद्यात तो नाही. आपल्याकडे संस्था वाचनालय चालवतात आणि सरकार अ, ब, क, ड वर्गवारीप्रमाणे अनुदान देते. इमारतीचा खर्च एकदाच होतो. फलक लागतो, फोटो निघतो. वर्तमानपत्राचे बिल, विजेचे बिल आणि तिथे बसणाऱ्याचे मानधन मात्र दर महिन्याला येते. ते आधीच धरून ठेवले नाही तर दाराला कुलूप लागते. एका गावी मी असे कुलूप पाहिले आहे. खिडकीतून धुळीने भरलेली कपाटे दिसत होती. किल्ली कोणाकडे, हे कोणालाच सांगता येईना.

तेव्हा माता-भगिनींनो, बंधूंनो, उमेदवार दाराशी आला की चहा जरूर पाजा, पण तीन प्रश्न विचारा. वाचनालय रोज किती वाजता उघडणार? तिथे कोण बसणार आणि त्याला मानधन कशातून देणार? वर्षाला पुस्तकांसाठी किती रुपये ठेवणार? "इमारत बांधू" एवढेच उत्तर आले तर समजा, आणखी एक कुलूप विकत आणणार आहेत.

ती भगिनी निवडून आली की पडली, हा प्रश्न माझ्या लेखी दुय्यम आहे. तिने मागितलेली जागा पोरांना मिळाली का, हा खरा प्रश्न. पुढच्या ग्रामसभेत तो मी विचारणार आहे. या वेळी गप्प बसणार नाही. तुम्हीही आपापल्या गावी उभे राहा.

जयभीम!