टक् आधी, बॅट नंतर

भर पावसाळ्यात हरिहरेश्वरला जाऊन करणार काय, असं तुम्ही विचाराल. समुद्र खवळलेला, देवळामागची खडकांतली प्रदक्षिणा बंद (ती एरवीही ओहोटी बघूनच करायची असते, बॉस!) आणि मोबाइलची रेंज येऊन-जाऊन. माझं उत्तर सिम्पल आहे. मी मामाकडे जाते आणि क्रिकेट खेळते. घरात, गादीवर बसून.

मामाकडे चार खोल्यांचा घरगुती निवास आहे, मागे सुपारीची वाडी. मामेभावाने 2007 साली पहिल्या पगारातून प्लेस्टेशन-2 घेतलं होतं. मग पुण्यात नोकरी, लग्न, नवं प्लेस्टेशन, आणि जुनं आलं मामाच्या वाट्याला. सोबत 'क्रिकेट 07'ची डिस्क. पावसात टुरिस्ट नसतात, मग मामा बसायचा खेळत. मी शाळेत असल्यापासून त्याच्याकडून धुलाई करून घेतलीये.

यंदा सगळं उलटं. माझ्या पहिल्याच ओव्हरला मामा तीनदा बोल्ड! मी नाचले बिचले, पण तो हसला नाही. कण्ट्रोलर खाली ठेवून म्हणाला, "हात उशिरा जातो गो माझा."

मागच्या वर्षी त्याला अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. आता उजवा हात बराच सुधारलाय. अडकित्त्याने सुपारी कातरतो, हिशेब लिहितो. बोटं चालती ठेवा, असं फिजिओथेरपीवाल्यांनी सांगितलं म्हणून तर त्याने पाच-सहा वर्षं बंद पडलेलं प्लेस्टेशन ट्रंकेतून काढलं. आणि खेळायला बसला तर प्रत्येक बॉलला बॅट उशिरा. झालं! हाताचा निकाल त्याने स्वतःच लावून टाकला. मामीने स्वयंपाकघरात मला हळूच सांगितलं, "दोन आठवडे श्रीवर्धनला फिजिओला गेले नाहीत. आता आणखी काय सुधारणार, म्हणतात."

रात्री मी एकटीच खेळायला बसले. आणि मीसुद्धा लेट! माझे हात तर ठणठणीत आहेत, रोज पंधराशे शब्द टाइप करतात. मग माझी ट्यूब पेटली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात मामाच्या घरावरची कौलं उडाली, पाणी आत आलं आणि जुना डबा टीव्ही गेला. प्लेस्टेशन पत्र्याच्या ट्रंकेत होतं म्हणून वाचलं. मामाने नंतर घेतला तो पातळ एलईडी टीव्ही. म्हणजे या टीव्हीवर हा गेम आधी कधी कोणी खेळलंच नव्हतं.

फण्डा असा आहे. जुन्या डबा टीव्हीला डोकंच नव्हतं. सिग्नल जसा येईल तशी त्याची किरणशलाका काचेवर एकेक ओळ काढत जायची, साठवायचं काही नाही. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला 50 अर्धी चित्रं येतात, एकदा सम ओळी, एकदा विषम. एलईडी टीव्ही ही अर्धुकं आधी गोळा करतो, जोडतो, 576 ओळींची चित्रं ताणून मोठी करतो, वर रंगसफेदी, मग पडद्यावर. प्रत्येक अर्ध्या चित्राला 20 मिलीसेकंद. पाच-सहा साठली की शंभराच्या वर गेलंच. सिनेमा बघताना हे कोणालाच कळत नाही, कारण टीव्ही आवाजही तेवढाच थांबवून ठेवतो, ओठ आणि शब्द जुळावेत म्हणून. पण ताशी 140 किलोमीटरचा बॉल 100 मिलीसेकंदांत जवळजवळ चार मीटर पुढे जातो. तुम्हाला तो टप्प्यावर दिसतोय तोवर तो स्टम्पात!

आता हे मामाला पटवणार कसं? "टीव्हीची चूक" म्हटलं की तो म्हणणार, भाची समजूत काढतेय.

सकाळी आधी कण्ट्रोलर उघडला. खाऱ्या हवेत सगळ्यालाच गंज, त्यामुळे पहिला संशय तिथेच. बटणांखालचे रबर आणि पट्टी स्पिरिटने हलके पुसली. फरक शून्य. तशीही बटणाचा कॉण्टॅक्ट खराब असला तर ते कधी लागतं, कधी नाही. इथे बॅट येत होती दर वेळी, फक्त उशिरा, आणि दर वेळी तेवढीच उशिरा. माणसाचा हात असा मोजून-मापून चुकत नाही, एकदा लवकर पडेल, एकदा उशिरा. हे मी मामाला सांगितलं. त्याने नुसतं "हं" केलं.

मग केला तो प्रयोग तुम्हीही करून बघा, खर्च काही नाही. प्लेस्टेशनच्या तीन पिनांपैकी पिवळी म्हणजे चित्र, लाल-पांढरी म्हणजे आवाज. पिवळी टीव्हीलाच ठेवली, लाल-पांढरी काढून मामाच्या जुन्या म्युझिक सिस्टिमला लावली. आता आवाज थेट, चित्र टीव्हीच्या मार्गाने. "मामा, मार."

टक्! आवाज आला आणि मग पडद्यावर बॅट फिरली.

मामाने परत मारलं. टक्, मग बॅट. आकाशात वीज आधी चमकते नि गडगडाट मागून येतो. इथे गडगडाट आधी! मामा पाच मिनिटं नुसता तेच करत बसला. मामी दारात येऊन बघून गेली. "म्हणजे मी वेळेवर मारतोय?" मी म्हटलं, बघू ना. कारण खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. टीव्ही उशिरा होता म्हणजे हात अजिबात उशिरा नव्हता असं थोडंच आहे?

मग टीव्हीच्या मेन्यूत घुसले. गेम मोड सापडला, पण तो ज्या सॉकेटला मशीन जोडलंय तिथे जाऊनच चालू करावा लागतो. शिवाय चित्र गुळगुळीत करणारे, नॉइज कमी करणारे सगळे नखरे बंद. फोनवर सेकंदाला 240 फ्रेम्सवाला स्लो मोशन लावून अंगठा आणि पडदा एकत्र शूट केले नि फ्रेम्स मोजल्या. बटण दाबल्यापासून बॅट हलेपर्यंत आधी 41 फ्रेम्स, म्हणजे 170 मिलीसेकंद. गेम मोडनंतर 27. सुधारणा सॉलिड, पण मामा अजूनही दोन बॉलांत एकदा बीट.

(बाजारातल्या स्वस्त एव्ही-टू-एचडीएमआय डब्या घेऊ नका. त्यांतल्या बऱ्याच स्वतःच चित्र ताणतात, म्हणजे टीव्हीच्या कारखान्याआधी आणखी एक कारखाना. ओळीवर ओळ न साठवता पुढे ढकलणारे चांगले कन्व्हर्टर मिळतात, पण त्या किमतीत दुसरं जुनं प्लेस्टेशन येईल.)

मग समोरच्या काकूंच्या माळ्यावरून त्यांचा 21 इंची डबा उतरवला. दोघांनी धरून, घाम काढत. जुना टीव्ही चालू होत नसेल तर मागचं झाकण आपण उघडायचं नाही हं, आत हजारो व्होल्ट साठलेले असतात. हा मात्र पहिल्या झटक्यात लागला. फ्रेम्स मोजल्या: 16. म्हणजे गेमचं स्वतःचं जे काही होतं ते, 67 मिलीसेकंद. नव्या टीव्हीने मूळ सेटिंगवर त्याच्यावर शंभराहून जास्त चढवले होते.

सहा ओव्हर्सची मॅच झाली. मामाने पहिल्याच बॉलला कव्हर ड्राइव्ह मारला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. 58 धावा. दोनदा बोल्ड झाला, आणि त्यातला एक बॉल अगदी सोपा होता. मी गप्प राहिले. तोच म्हणाला, "हे दोन माझे. बाकीचे त्या टीव्हीचे."

संध्याकाळी काकूंचा टीव्ही परत पोचवायला उठले, तर मामा म्हणाला, "राहू दे आज. गुरुवारी श्रीवर्धनहून आलो की मी नेऊन देईन."