शंभरपैकी ८४ गुणांचा वैज्ञानिक

'एआय आता स्वतः प्रयोग करतो' असं कुणी सांगितलं की माझं डोकं फिरतं. कुठे करतो? पुष्कळदा शब्दांनी रचलेल्या एखाद्या घरात! अमेरिकेतल्या ॲलन इन्स्टिट्यूटच्या आणि इतर संशोधकांनी २०२२ साली 'सायन्सवर्ल्ड' नावाचं असं घर बांधलं. स्वयंपाकघर, कार्यशाळा, हरितगृह, ओतशाळा धरून १० जागा आणि प्राथमिक शाळेच्या पातळीचे ३० प्रयोग. सॉफ्टवेअर एजंट एकेक हुकूम सोडतो: दार उघड, भांडं शेगडीवर ठेव, शेगडी पेटव, तापमान मोज. पायरी जमली की गुण.

हे काम टाकाऊ नाही. त्यातून एक सणसणीत गोष्ट सिद्ध झाली: नमुन्यांच्या ढिगावर पोसलेलं ११०० कोटी पॅरामीटरचं मॉडेल तिथे आपटलं आणि करून, चुकून शिकलेला १५ लाख पॅरामीटरचा एजंट त्याच्या पुढे गेला. तरी सगळ्यात चांगली सरासरी शंभरात १७ च होती. २०२३ मध्ये 'स्विफ्टसेज' नावाच्या एजंटने ती ८४ वर नेली. अभिनंदन. पण हे ८४ गुण नाचवत 'यंत्र-वैज्ञानिक' विकायला निघालेल्यांनी प्रयोगशाळेत कधी हात काळे केलेत का?

त्या घरातला थर्मामीटर कधी चुकत नाही. पाणी १०० अंशांनाच उकळतं; आमच्या महाबळेश्वरला ते ९५-९६ लाच उकळतं, कारण तिथे हवेचा दाब कमी. खरी उपकरणं तर सरळ दगा देतात. विद्युतरोध मोजायच्या मीटर ब्रिजवर जॉकी तारेच्या दोन्ही टोकांना टेकवली आणि गॅल्व्हनोमीटरचा काटा दोन्ही वेळा एकाच बाजूला पळाला, की मुलं गांगरतात. मग सगळे स्क्रू आवळायचे, वायरींची टोकं पॉलिश पेपरने घासायची, कुठली वायर आतून तुटलीय ते शोधायचं. भौतिकशास्त्र त्या झटापटीत शिकलं जातं. रीडिंग घेणं हे त्यानंतरचं पाच मिनिटांचं काम.

रीडिंगवर शंका घेण्यातून शोधही लागतात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रसायनांपासून काढलेल्यापेक्षा जड भरायचा. फरक जेमतेम अर्धा टक्का. दुसऱ्या कुणी सरासरी काढून जर्नल मिटलं असतं. रॅलेंनी स्वतःच्या मोजमापावर संशय घेतला, वायूच्या शुद्धतेवर घेतला, पुन्हा पुन्हा वजनं केली, तरी फरक जाईना. १८९४ साली रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांच्याबरोबर त्यांनी हवेतल्या त्या नायट्रोजनमधून आर्गॉन हा नवा वायू बाहेर काढला; जडपणाचं कारण तोच होता. १७८५ मध्ये कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाला हाच वायू इवल्याशा बुडबुड्याच्या रूपात दिसला होता, मूळ नायट्रोजनच्या १२० व्या भागाहूनही कमी, आणि त्याने तो नोंदवून ठेवला होता!

सिम्युलेशनमध्ये हा अर्धा टक्का येणार कुठून? प्रोग्राम लिहिणाऱ्याला जेवढं ठाऊक, तेवढंच तिथल्या हवेत. अशा ठिकाणी वाढलेला एजंट रीडिंगवर शंका घ्यायला शिकत नाही, कारण शंकेला तिथे गुणच नाहीत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. तिथले थर्मामीटर बिघडवा. शेगडी चालू दिसू दे, पण तापू देऊ नका. वजनकाट्याला झिरो एरर द्या आणि एजंटला ती सांगू नका. 'हे रीडिंग मी मानत नाही' असं कारणासह नोंदवणाऱ्याला पूर्ण गुण द्या आणि आकडा गिळून पुढे जाणाऱ्याला शून्य. ते जमेपर्यंत खऱ्या प्रयोगशाळेतला एक बर्नरसुद्धा एजंटच्या हवाली करायला माझा ठाम विरोध राहील.