गच्चीवरच्या जाळ्याला सूट हवी

दूरसंचार अधिनियम 2023 च्या तिसऱ्या कलमाचे पहिले पोटकलम आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दूरसंचाराचे जाळे उभारायचे, चालवायचे किंवा त्यावरून सेवा द्यायची तर केंद्र सरकारची अधिकृतता लागते. त्याच कलमाचे तिसरे पोटकलम मात्र फारसे कोणी वाचत नाही. सार्वजनिक हितासाठी गरज वाटल्यास सरकार या अटीतून सूट देऊ शकते, असे त्यात आहे. वस्तीने स्वतःसाठी बांधलेल्या, विक्री न करणाऱ्या छोट्या जाळ्यांना ही सूट मिळावी आणि ती मागायला जाळी बांधणारेच पुढे यावेत, हे या महिन्याचे आमचे म्हणणे.

छोटे जाळे म्हणजे काय ते आधी स्पष्ट करू. लगतच्या तीन-चार सोसायट्या, एखादी शाळा, एखादे ग्रंथालय. मधून एखादा रस्ता जातो. गच्चीवरून केबल किंवा रेडिओने हे सगळे एकमेकांना जोडायचे. आत एक सर्व्हर, त्यावर सूचना, फोनची अंतर्गत सोय, पोरांसाठी पाठ्यपुस्तके, विकिपीडियाची प्रत. बाहेरचे इंटरनेट असले तर असले, नसले तरी आतले चालू. एका कुंपणाच्या आत हे केले तर कोणी विचारत नाही. केबल रस्ता ओलांडून पलीकडे गेली की कायद्याच्या नजरेत तो वेगळाच प्रकार होतो.

हे मासिक विलेपार्ल्यातून निघते, म्हणून जवळचाच दाखला आधी. जुहू-पार्ले डेव्हलपमेंट स्कीममध्ये गुलमोहर क्रॉस रोड नंबर 9 वर नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे आपले एनसीएसटी, होते. 2003 मध्ये ते सीडॅकमध्ये विलीन झाले. 1986-87 च्या सुमारास डॉ. श्रीनिवासन रमाणी यांच्या मंडळींनी या जुहूच्या इमारतीतून पवईच्या आयआयटीशी डायल-अपवर ईमेलची देवाणघेवाण सुरू केली. तेव्हा देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट नव्हते. साधा टेलिफोन मिळवायला लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत.

ते काम कसे चाले हे आजच्या तरुण तंत्रज्ञांना मुद्दाम सांगावेसे वाटते. यूयूसीपी या पद्धतीत पत्रे यंत्रावर रांगेत साठत. ठरलेल्या वेळी मोडेम पलीकडचा नंबर फिरवी. लाइन लागली की दोन्हीकडच्या रांगा रिकाम्या होत. खरखरीने लाइन तुटली तर यंत्र थोडे थांबून पुन्हा फिरवी. पत्र कोणत्या यंत्राकडून कोणत्या यंत्राकडे जाणार ती सबंध वाट, यंत्रांची नावे उद्गारचिन्हांनी जोडून, पाठवणाऱ्याला पत्त्यातच लिहावी लागे. लाइन चोवीस तास चालू राहील असे कोणी गृहीतच धरले नव्हते, म्हणून लाइन नसतानाही पत्र हरवत नसे. पुढे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने दिल्लीचे इलेक्ट्रॉनिक्स खाते, पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएस्सी आणि एनसीएसटी यांचे अर्नेट उभे राहिले. 1989 च्या सुमारास जुहूहून अमेरिकेतल्या यूयूनेटशी 9,600 बिटांची लाइन जोडली गेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नोंदलेल्या डॉट इन या नावाची व्यवस्था पुढे 2005 पर्यंत याच संस्थेकडे होती.

अर्नेटच्या पाठीशी सरकार होते. ज्यांच्या पाठीशी कोणी नव्हते त्यांची कथा वेगळी झाली. नव्वदीच्या सुरुवातीला मुंबईत हौशी लोक घरच्या फोनवर बुलेटिन बोर्ड चालवत. एक संगणक, एक मोडेम, एक लाइन, म्हणजे एका वेळी एकच पाहुणा. टॉम जेनिंग्ज यांनी 1984 मध्ये सुरू केलेल्या फिडोनेटच्या पद्धतीने हे बोर्ड रात्री एकमेकांना फोन लावून निरोपांची गठ्ठी पोचवत. 1994 मध्ये दूरसंचार खात्याने अशा बोर्डांवर वर्षाला 15 लाख रुपयांचे परवाना शुल्क ठरवले. पदरचे पैसे घालून फोनचे बिल भरणाऱ्या माणसाने 15 लाख कुठून आणायचे? अरुण मेहता यांनी ‘फोरम फॉर राइट्स टू इलेक्ट्रॉनिक एक्स्प्रेशन’ स्थापन करून त्याविरुद्ध आवाज उठवला. 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने सर्वांसाठी इंटरनेट सुरू केले आणि 1998 च्या अखेरीस खासगी कंपन्यांनाही दार उघडले. कंपन्यांसाठी नियम झाले, शुल्के ठरली. घरातून बोर्ड चालवणाऱ्याचा विचार कोणत्याच कागदावर झाला नाही.

त्यानंतरचा भाग आपल्यापैकी पुष्कळांनी हाताने केला आहे. केबलवाल्याची तार आधीच गच्चीगच्चीवरून गेलेली होती; दोन हजार सालानंतर तिच्या शेजारून कॅट-5 गेली. विमानतळाच्या फनेल झोनमुळे पार्ले आणि सांताक्रूझच्या कित्येक इमारतींना उंची वाढवता येत नाही, त्यामुळे गच्च्या साधारण एका पातळीत. पाण्याच्या टाकीखाली प्लॅस्टिकच्या डब्यात आठ पोर्टांचा स्विच, शंभर मीटरच्या आत पुढचा डबा. पावसाळ्यात वीज कडाडली की एका रात्रीत रांगेने पोर्ट जळत, आणि संक्रांतीला मांजाने तार कापली की सकाळपासून फोन सुरू. अर्थिंग नीट करायला आपण त्या जळालेल्या पोर्टांमुळे शिकलो. एका ऑपरेटरचे सगळे ग्राहक तेव्हा एकाच लॅनवर असत. समोरच्या इमारतीतल्या मित्राचे फोल्डर दिसे, रात्री दहा-बारा पोरे मिळून काउंटर-स्ट्राइक खेळत, आणि बाहेरची लाइन बंद पडली तरी खेळ चालूच राही. कोणी ठरवून न बांधता पार्ल्यात वस्तीचे जाळे झाले होते.

ते गेले याची कारणे रास्त होती. शेअर केलेल्या फोल्डरांतून व्हायरस पसरत, एकाचे कागद दुसऱ्याला दिसत. म्हणून आपणच पोर्ट वेगळे केले. आज जीपॉनच्या ओएलटीवर दोन ग्राहकांमधली थेट वाहतूक मुळातच बंद ठेवलेली असते. त्यावर सीजीनॅट. परिणाम असा की तिसऱ्या मजल्यावरून चौथ्या मजल्यावर फाइल पाठवायची तर ती कंपनीच्या केंद्रातून, बहुधा कुठल्या तरी परक्या क्लाउडला जाऊन परत येते. ज्या सोसायट्यांनी तारेचा इंटरकॉम काढून मोबाइल अ‍ॅप घेतले तिथे हे रोज पाहायला मिळते. फाटकावरचा वॉचमन पाहुण्यासाठी परवानगी मागतो. तो निरोप शहराबाहेरच्या सर्व्हरला जाऊन वीस मीटरवरच्या फ्लॅटमध्ये येतो. रस्ता खोदताना फायबर तुटली की फाटक आणि फ्लॅट यांचा संबंध संपतो. तांब्याची जुनी जोडी भिंतीत तशीच असते, तिला कोणी हात लावत नाही.

बाहेरची लाइन कधी तुटते आणि कधी तोडली जाते. महाराष्ट्राने दोन्ही पाहिले आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा उपनगरांत वीज गेली, फोन गेले, आणि शेजारच्या गल्लीत कोण अडकले आहे हे कळायला मार्ग उरला नाही. जून 2023 मध्ये कोल्हापुरात, त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनात मराठवाड्यात सरकारी आदेशाने इंटरनेट बंद झाले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये अनुराधा भसीन खटल्यात असे आदेश प्रसिद्ध करण्याचे आणि ते प्रमाणात असण्याचे बंधन घातले. तरी बंदी येते तेव्हा दवाखाना, रेशन दुकान, शाळा या सगळ्यांचे काम अडते. आदेश चुकवून बाहेर जायची चोरवाट काढा असे आम्ही सांगत नाही, सांगणार नाही. एका वस्तीतल्या दवाखान्याने त्याच वस्तीतल्या औषध दुकानाला निरोप द्यावा, एवढेच आम्हाला हवे आहे. त्याला इंटरनेट लागतच नाही.

नियमांत फट ठेवली तर काय होते याचा चांगला दाखला पालघरचा. प्रा. अभय करंदीकर यांच्या आयआयटी मुंबईतल्या चमूने ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पात खामलोलीच्या परिसरात दूरदर्शनच्या न वापरलेल्या यूएचएफ लहरींवर जाळे चालवून दाखवले. या लहरी झाडीतून आणि चढउतारावरून दूर जातात, आदिवासी पाड्यांसाठी त्याहून योग्य काही नाही. पण ती परवानगी प्रयोगापुरती होती. पुढे पंचवीस गावे जोडायची वेळ आली तेव्हा 5.8 गिगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा वापरावा लागला, कारण तो कोणालाही वापरता येत होता. 2017 मध्ये या कामाला मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. काम करणारी माणसे तीच, गावे तीच. यूएचएफ प्रयोगातच राहिले आणि 5.8 गावात पोचले, ते नियमामुळे.

आपल्याकडे 28 जानेवारी 2005 च्या अधिसूचनेने 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा इमारतीबाहेरही मोकळा केला: 4 वॅटपर्यंत प्रभावी शक्ती, अँटेना अधिकृत इमारतीच्या गच्चीपासून 5 मीटरच्या आत. सरकार छोट्या माणसावर विश्वास ठेवते याचे हे उदाहरण. दुसरे डिसेंबर 2020 च्या पीएम-वाणीचे. त्यात चहाच्या टपरीवाल्यालाही परवाना न काढता, शुल्क न भरता सार्वजनिक वाय-फाय देता येते. मात्र वाणीत बाहेरचे इंटरनेट वाटण्याची सोय आहे, वस्तीने आपापसात जोडून घेण्याची नाही. तेवढा एक धागा राहिला आहे.

हवाना शहरातल्या एसनेटची आठवण इथे येणे साहजिक. 2001 च्या सुमारास काही तरुणांनी खेळण्यासाठी आपली घरे वायरींनी आणि वाय-फायने जोडली, आणि हळूहळू शहरभर हजारो घरांचे जाळे झाले. इंटरनेट घरी मिळत नव्हते. या जाळ्यातही ते नव्हते. जाळ्याचे नियम कडक होते: राजकारण नाही, अश्लील मजकूर नाही, बाहेरच्या इंटरनेटशी जोडणी नाही, आणि नियम मोडणाऱ्याला व्यवस्थापक काही दिवस बाहेर ठेवत. इतके सांभाळूनही 29 जुलै 2019 पासून लागू झालेल्या नियमांनी खासगी जाळ्यांची रेडिओशक्ती 100 मिलिवॅटवर आणली आणि रस्ता ओलांडणाऱ्या केबलला मनाई केली. 100 मिलिवॅटमध्ये शहर जोडता येत नाही, हे वाचकांना समजावून सांगायला नको. एसनेटचे खेळ आणि साहित्य सरकारी संगणक केंद्रांकडे गेले. वर्षानुवर्षे सांभाळलेले काम दोन ठरावांत संपले, कारण त्याला कायद्यात जागा कधीच मिळाली नव्हती. आपल्याकडची सूट आम्ही आजच मागतो आहोत ती यासाठी.

सूट मागताना पोलिसांचा आक्षेप टाळून चालणार नाही. 2008 मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेला होता, आणि ज्याचे घर त्याला चौकशीला तोंड द्यावे लागले. म्हणून उघडे जाळे आम्हाला नकोच. प्रत्येक जोडणीची वही असावी, एक माणूस नावानिशी जबाबदार असावा, बाहेरची लाइन असेल तर ती अधिकृत कंपनीचीच असावी आणि तिच्या ओळखपडताळणीतूनच जावी. पैसे घेऊन सेवा विकली तर सूट संपली. वर्गणीतून खर्च भागवला तर ती विक्री समजू नये. रेडिओ परवानामुक्त पट्ट्यातच. विमानतळाजवळच्या आपल्यासारख्या ठिकाणी डीएफएस बंद करून ठेवणाऱ्याला सूट नको, कारण रडारशी खेळ करणारा एक जण सगळ्यांना बुडवील. महापालिकेच्या रस्त्यावरून केबल नेण्याची परवानगी हा वेगळा विषय आहे, तो सूट मिळाल्यावरही सुटणार नाही. तूर्त गच्ची ते गच्ची रेडिओवर भागवावे असे आमचे मत.

सूट मिळेपर्यंत कुंपणाच्या आत पुष्कळ करता येते, आणि ते आपल्या हातात आहे. नव्या सोसायटीचे काम घेताना इंटरकॉम आतल्या सर्व्हरवर ठेवा, डीएनएस आणि डीएचसीपी आतच चालवा, गच्चीवरच्या स्विचला बॅटरी द्या, आणि काम संपवण्यापूर्वी अपलिंकची पॅच उपसून सेक्रेटरींच्या समोर दाखवा की फाटकावरून फ्लॅटला फोन लागतो. पुनर्विकासात पार्ल्याच्या जुन्या इमारती पडत आहेत. नव्या इमारतींत डक्ट आखण्याची वेळ आत्ताच आहे, स्लॅब पडल्यावर नाही. भागूभाई पॉलिटेक्निक आणि संघवी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात. असे जाळे बांधणे हा वर्गाबाहेरचा उत्तम प्रकल्प होईल, शिकवायला तुमच्यातल्या कोणी तरी गच्चीवर जावे लागेल इतकेच.

सूट मागणारे निवेदन आम्ही तयार करत आहोत. त्यात एक जागा अजून मोकळी आहे: किती घरांपर्यंतच्या जाळ्याला छोटे म्हणायचे? आमच्या मते 500. त्याच्यापुढे एका माणसाला वही सांभाळणे जमत नाही आणि एक बिघाड शोधायला दिवस जातो. ग्रामीण भागात काम करणाऱ्या आमच्या काही वाचकांना हा आकडा कमी वाटतो, कारण पाडे विखुरलेले असले तरी एका ग्रामपंचायतीत घरे त्याहून जास्त निघतात. त्यांचे म्हणणे खरे असेल तर घरांऐवजी ग्रामपंचायतीची हद्द हे माप धरता येईल. ज्यांनी प्रत्यक्ष जाळे चालवले आहे त्यांनी आपला आकडा, तो का हे एका ओळीत लिहून, महिनाअखेरपर्यंत कळवावा. मसुदा पुढच्या अंकात छापू.